अवकाश स्थानक आपल्याकडे समुद्रातून उगवतं

देवगड तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हॅम रेडिओवर (हौशी लोक परवाना घेऊन चालवतात त्या रेडिओवर) विद्यार्थ्यांशी बोलल्याचं वाचून त्यांच्या सातवी-आठवीच्या मुलांनी हट्ट धरला. सरांनी मित्राकडून पाच वॅटचा चिनी वॉकीटॉकी आणला, १४५.८०० मेगाहर्ट्झ लावलं आणि आठ दिवस संध्याकाळी सात ते नऊ शाळेच्या मैदानात बसले. खरखरीशिवाय काही नाही. विचारतात, "कुठला अँटेना घेऊ? बजेट तीन हजार."

सर, तीन हजार तूर्त खिशातच राहू द्या. मी वीसेक वर्षं वेंगुर्ल्याच्या अलीकडे किनाऱ्यावरून उपग्रहांचे आवाज ऐकतोय. ऐकू न येण्याच्या तक्रारी माझ्याकडे बऱ्याच येतात, त्यातल्या अँटेनापाशी थांबणाऱ्या थोड्याच. तुम्ही केलंत ते म्हणजे एसटी कितीला येते हे न विचारता फाट्यावर जाऊन बसण्यासारखं झालं. एसटी येत असेल, पण तुम्ही घरी गेल्यावर.

शिवाय तुमच्या प्रश्नात तीन वेगळी कामं एकात एक अडकली आहेत. स्थानकावरचं काहीतरी ऐकणं हे एक. स्थानकावर बसवलेल्या रिपीटरमधून, म्हणजे खालून आलेला आवाज पुन्हा खाली फेकणाऱ्या संचातून, जमिनीवरच्याच दुसऱ्या हॅमशी (हॅम रेडिओवाल्याशी) बोलणं हे दुसरं. आणि खुद्द अंतराळवीराशी मुलांना बोलायला देणं हे तिसरं. पहिलं या महिन्यात जमेल. दुसऱ्याला परवाना लागतो. तिसऱ्याला अर्ज, निवड आणि बराच धीर.

आधी वेळेचं. स्थानक साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि एक फेरी सुमारे ९३ मिनिटांत पुरी करतं. म्हणून ते दर दीड तासाला आपल्या डोक्यावर येतं असं नाही, कारण खाली पृथ्वीही फिरत असते. आपल्या अक्षांशावरून दिवसाला चार ते सहा वेळा ते क्षितिजाच्या वर येतं. आम्ही त्याला पास म्हणतो. हे पास दोन घोळक्यांत येतात: दोन-तीन लागोपाठ, दीड-दीड तासाच्या अंतराने, मग मोठी सुट्टी, मग पुन्हा दोन-तीन. चांगला उंच पास धरला तर या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत दहा मिनिटं, आणि असा उंच पास दिवसाला सरासरी एखादाच. वर हे घोळके रोज वीस-पंचवीस मिनिटांनी अलीकडे सरकतात. त्यामुळे आज संध्याकाळी सात वाजता दिसलेलं स्थानक दोन आठवड्यांनी भर दुपारी जातं. तुमच्या त्या आठ संध्याकाळी ते बहुधा वेगळ्याच वेळी जाऊन येत होतं.

वेळापत्रक फुकट मिळतं. हेव्हन्स-अबव्ह किंवा एनटूवायओ उघडा, आपलं गाव टाका, की दहा दिवसांचे पास समोर. दोन खबरदाऱ्या. एक, वेळ भारतीय आहे की यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ, ते बघा. मी सुरुवातीला पूर्ण एक आठवडा साडेपाच तास चुकत होतो आणि दोष केबलला देत होतो. दुसरी, महिन्याभराचा तक्ता छापून भिंतीला लावू नका. स्थानकाची कक्षा अधूनमधून इंजिन चालवून उंचावतात, आणि मग जुना तक्ता हळूहळू खोटा पडत जातो. पासच्या आदल्या दिवशी ताजं बघावं.

आता आपल्या किनाऱ्याचं भाग्य सांगतो. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताला ५१.६ अंशांनी तिरकी आहे आणि ते नेहमी पूर्वेकडे सरकतं. म्हणजे आपल्याकडे पास दोनच प्रकारचे: नैऋत्येकडून ईशान्येकडे, नाहीतर वायव्येकडून आग्नेयेकडे. दोन्ही प्रकारांत ते उगवतं समुद्राच्या बाजूला आणि मावळतं सह्याद्रीच्या बाजूला. पुण्या-कोल्हापूरच्या हॅमला दोन्हीकडे इमारती नाहीतर डोंगर. आपल्याला पश्चिमेला अरबी समुद्राची सपाट रेघ, मध्ये एक झाडही नाही. माझ्या पडवीतून स्थानक शून्य अंशाच्या जेमतेम वर आलं की खरखर पातळ व्हायला लागते. त्या वेळी ते अजून सुमारे २,३०० किलोमीटर लांब असतं. उलट शेवटची दोन-तीन मिनिटं डोंगर खातो.

म्हणून पासचा पहिला अर्धा भाग आपला. शाळेच्या मैदानात बसू नका, तिथे पश्चिमेला माडांची रांग असणारच, आणि पावसाळ्यात ओली झावळं सिग्नल बऱ्यापैकी पितात. कड्यावर जा, देवगडला कड्यांची वाण नाही. खाडीच्या आतल्या वाडीत राहत असाल तर मात्र हा हिशेब उलटा पडू शकतो. तिथे पश्चिमेला टेकडी असेल तर स्थानक २०-३० अंश वर येईपर्यंत वाट बघावी लागेल, आणि दहा मिनिटांच्या पासमधली चार-पाचच हाती लागतील.

पण नुसता पास असून भागत नाही. वर कुणी बोलत असेल तर ऐकू येणार ना! तुमच्या अपेक्षेची गाठ इथे आहे. १४५.८०० वर सतत कार्यक्रम चालू नसतो. ती वाट अंतराळवीरांच्या आवाजासाठी आणि अधूनमधून चित्रांसाठी आहे, आणि बोलणं होतं ते मुख्यतः शाळांशी ठरलेल्या संपर्काच्या वेळी. एरवी स्थानकाच्या कोलंबस भागातला संच कधी रिपीटर म्हणून चालू असतो (हे सप्टेंबर २०२० पासून), कधी १४५.८२५ वर डिजिटल संदेश पुन्हा फेकत असतो. त्याचा आवाज म्हणजे कढईत मोहरी तडतडावी तशी अर्ध्या-एक सेकंदाची चर्र. आणि कधी काहीच चालू नसतं. अंतराळवीर बाहेर काम करायला निघणार असतील किंवा एखादं यान जोडलं जाणार असेल तर खबरदारी म्हणून हॅमचे संच बंद ठेवतात.

हे मला अंगावर घेऊन कळलं. काही वर्षांपूर्वी वीस-बावीस मुलं आणि त्यांचे पालक घेऊन मी संध्याकाळी किनाऱ्यावर उभा होतो. पास क्षितिजापासून ७० अंश उंचीचा, आकाश लख्ख. स्थानक शुक्रासारखं झळकत समुद्रावरून वर आलं, डोक्यावरून गेलं, आणि रेडिओ मुका. शेजारचा एक रापणकर जाळं गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मास्तर, वर कोणाक हाक मारतास?" घरी येऊन बघितलं तर त्याच दिवशी मालवाहू यान जोडलं जात होतं. तेव्हापासून मी आदल्या रात्री दोन गोष्टी बघतो: कुठला संच कुठल्या कामाला लावलाय आणि स्थानकावर उद्या काय आहे. हॅम रेडिओच्या या सगळ्या कामाची व्यवस्था बघणाऱ्या एरिस या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर पहिली गोष्ट असते, शाळांच्या ठरलेल्या संपर्कांची यादीही तिथेच.

त्या यादीत भारतातलीच शाळा शोधायला हवी असं नाही. स्थानकाची नजर जमिनीवर सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पडते. आखातातल्या शाळेशी संपर्क चालू असताना स्थानक अरबी समुद्राच्या माथ्यावर असेल तर आपण त्याच वर्तुळात असतो. मी असा एक संपर्क पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आहे. गंमत अशी की फक्त उत्तरं ऐकू येतात. प्रश्न विचारणारं पोर क्षितिजाच्या पलीकडे, त्याचा आवाज वर जातो पण आपल्यापर्यंत येत नाही. तुमच्या मुलांना हाच खेळ द्या: उत्तर ऐका आणि प्रश्न काय असेल ते वहीत लिहा.

कधी कधी अंतराळवीर मोकळ्या वेळात स्वतःहून मायक्रोफोन उचलतात. ते कुणाच्या हातात नाही, पण अंदाज बांधता येतो. स्थानकाचं घड्याळ यूटीसीवर चालतं. त्यांची सकाळ सहाला, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला होते, आणि झोपायची वेळ आपल्या पहाटे तीनच्या सुमारास. त्यांचा जेवणानंतरचा निवांतपणा आपल्या मध्यरात्रीनंतर पडतो. मुलांना घेऊन जाण्याची ती वेळ नव्हे, तुम्ही स्वतः रेकॉर्डिंग लावून झोपा.

मुलांसाठी माझ्या मते सर्वांत चांगली सुरुवात चित्रांची. काही ठरलेल्या दिवसांत १४५.८०० वरून स्लो-स्कॅन टीव्ही पद्धतीने स्थिर चित्रं पाठवतात. शिट्ट्या आणि किरकिर यांच्या मधला आवाज, एका चित्राला साधारण दोन मिनिटं, मग थोडी विश्रांती, मग पुढचं. फोनवर रोबोट३६ नावाचं अ‍ॅप टाकायचं, फोन रेडिओच्या स्पीकरजवळ धरायचा, आणि ओळीमागून ओळ चित्र उतरत येतं. इतक्या मुलांना वॉकीटॉकीवरचं इंग्रजी ऐकवण्यापेक्षा हे दहापट चांगलं. मात्र पडद्यावर चित्र उमटताना वर्गाला गप्प बसवणं तुमच्या कौशल्यावर: फोन मुलांचा आरडाओरडाही चित्रात मिसळतो, तिरक्या रेघा येतात.

आता संचाकडे. पाच वॅट कमी आहेत का, ही भीती सोडा. १९८३ साली कोलंबिया यानातून ओवेन गॅरियट यांनी अवकाशातून पहिल्यांदा हॅम रेडिओवर जमिनीशी बोलून दाखवलं, तेही हातात धरायच्या सेटवरून, यानाच्या खिडकीला अँटेना लावून. मध्ये आडवं काही नसेल तर थोडी शक्ती फार लांब जाते. ऐकताना तर तुमच्या वॅटचा संबंधच नाही. तुमच्या सेटवर तीन गोष्टी बदला. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय, शून्यावर आणा. अंधूक सिग्नल स्क्वेल्चच्या दाराशी येऊन परत जातो आणि आपल्याला वाटतं कुणी आलंच नाही. बँडविड्थ वाइड ठेवा, नॅरोवर आवाज फाटतो. आणि बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा, ती शब्दांची पहिली अक्षरं खाते.

फ्रिक्वेन्सीही थोडी हलते. कोकण रेल्वेची गाडी येताना भोंगा चढा आणि गेल्यावर उतरा लागतो, तेच इथे. १४५.८०० वर हा फरक जास्तीत जास्त साडेतीन किलोहर्ट्झ, म्हणजे बटणाला हात न लावता चालतं. रिपीटरचा आवाज खाली येतो ती फ्रिक्वेन्सी ४३७.८०० आहे, तिथे हा फरक तिप्पट होतो. सुरुवातीला ४३७.८१० लावा, मग पाच-पाच किलोहर्ट्झने उतरत डोक्यावर असताना ४३७.८००, जाताना ४३७.७९०. मी हे पाच आकडे पाच मेमरीत भरून ठेवतो आणि अंगठ्याने खाली येत जातो. पासमध्ये आकडे टाइप करायला वेळ नसतो.

सेटबरोबर येणारी रबरी शेपटी उंच पासला कामचलाऊ आहे. त्याहून चांगलं हवं असेल तर यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना, घरी करा. विकतचा नको, कारण मुलांना करण्यातच मजा आहे. पीव्हीसीचा अर्धा इंची पाइप आणि सुताराची स्टीलची मेजरिंग टेप. मागचा तुकडा १०५ सेंटिमीटर, मधले दोन तुकडे प्रत्येकी ४५, पुढचा ८९. मागच्यापासून मधला २० सेंटिमीटरवर, मधल्यापासून पुढचा ३२ वर. मधल्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट ठेवून त्यांना केबलची दोन टोकं झाळायची, आणि त्याच दोन जागांना १२-१३ सेंटिमीटर तारेचा यू जोडायचा. टेपवरचा रंग झाळण्याआधी कानशीने घासून काढा, नाहीतर झाळ धरत नाही. पाचशे-सातशे रुपयांत होतो. पट्ट्या दुमडतात म्हणून एसटीतूनही नेता येतो. धरताना तो स्थानकाकडे रोखायचा तर आहेच, पण आवाज बुडायला लागला की मनगट पाव वळण फिरवा. वरच्या अँटेनाचा कल आपल्या दृष्टीने सतत बदलत असतो, आणि या एका पिळाने गेलेला आवाज परत येतो.

पावसाला घाबरू नका. या फ्रिक्वेन्सीवर पाऊस सिग्नलला जवळपास काहीच करत नाही. करतो तो जोडांना. आपली खारी हवा दोन पावसाळ्यांत कनेक्टर हिरवा करते, आणि हिरवा झालेला कनेक्टर आतून बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्या कौलांवरच्या अँटेनाचे जोड मी मे महिन्यात उघडून पुसतो, पुन्हा रबरी टेप ताणून गुंडाळतो, वर साधी इन्सुलेशन टेप. वळवाच्या विजा सुरू झाल्या की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर. हातातल्या यागीचं सुख हेच की तो घरात येतो. विजा चमकत असतील तर पास सोडून द्यायचा, कड्यावर धातूची काठी घेऊन उभं राहायचं नाही.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. तुमच्या हातातल्या सेटला बोलायचं बटण आहे, आणि परवान्याशिवाय असा सेट आपल्याकडे बाळगणंही कायद्यात बसत नाही. तो मित्राला परत करा आणि ऐकण्यासाठी फक्त ग्रहण करणारा, संगणकाला लावायचा एसडीआर डोंगल घ्या. तीन हजारांतले पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. आपल्या भागात तर हे जास्तच पाळावं लागतं. शेजारच्याच पट्ट्यात मच्छीमार बोटींची सागरी बोलणी चालतात, आणि १५६.८०० हा संकटकाळी हाक मारायचा चॅनल आहे. खेळता खेळता तिथे बटण दाबलं गेलं तर तो खेळ राहत नाही. किनाऱ्यावर अँटेना रोखून उभं राहिलं की कुणीतरी पोलिसांना कळवतंच, आणि त्यांचं चुकत नाही. मी परवान्याची प्रत खिशात ठेवतो आणि नव्या जागी जाण्याआधी पोलीसपाटलांना सांगून जातो. त्यातले एक आता पासची वेळ मलाच विचारतात.

परवाना अवघड नाही. दूरसंचार विभागाची परीक्षा आहे, वय बारा पूर्ण हवं, म्हणजे तुमची आठवीची मुलंही बसू शकतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही आणि स्थानकाच्या रिपीटरसाठी ती पुरते. कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं ओळखनाव, व्हीयू३ ने सुरू होईल, जनरल श्रेणीला व्हीयू२. अभ्यास दोन-तीन महिन्यांचा. कागद यायला किती काळ लागेल हे मात्र मी सांगणार नाही, दर वेळी वेगळा अनुभव येतो.

परवाना आल्यावर रिपीटरवर १४५.९९० वर, ६७ हर्ट्झचा टोन (आवाजाखाली सेट आपोआप पाठवतो तो बारीक सूर) लावून बोलायचं. एका वेळी एकाचाच आवाज त्यातून जातो आणि खाली अख्खा देश रांगेत असतो, म्हणून "हॅलो हॅलो, ऐकू येतंय का" नको. कॉलसाइन, ग्रिड, झालं. ग्रिड म्हणजे पृथ्वीच्या नकाशावरची आपली चौकट: देवगड-मालवण एमके६६, वेंगुर्ला एमके६५, दापोली एमके६७, अलिबाग एमके६८. शक्य असेल तर दुसऱ्या सेटवर आपलाच आवाज परत येतोय का ते ऐकत बोला. तो येत नसेल तर बटण सोडा.

राहिलं तिसरं काम. शुक्ला ४ जुलै २०२५ रोजी बोलले ते बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या कार्यक्रमात. तसा संपर्क एखाद्या शाळेलाही मिळू शकतो आणि एरिस त्याचे पैसे घेत नाही, पण अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात आणि निवड शिक्षणाची योजना बघून करतात. सेट किती भारी आहे यावर नव्हे. शाळेकडे काहीच यंत्रणा नसली तरी दुसऱ्या देशातल्या हॅम केंद्रातून टेलिफोनने जोडून देण्याची सोय असते. म्हणून मी सांगेन की मुलांनी वर्षभर पास ऐकावेत, नोंदवह्या ठेवाव्यात, चित्रं उतरवावीत, एक-दोघांनी परीक्षा द्यावी, आणि मग त्या वह्या पुढे ठेवून अर्ज करावा. संपर्क मिळाला तर मुलांच्या वाट्याला नऊ-दहा मिनिटं येतात. प्रश्न छोटे हवेत, आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी "ओव्हर" म्हणायची सवय आधीच लावावी लागते.

तुमची शाळा खाडीच्या कुठल्या अंगाला आहे आणि पश्चिमेला काय दिसतं, समुद्र की टेकडी, एवढं कळवा. मग येत्या पंधरा दिवसांतले कुठले पास धरायचे ते आपण बसून ठरवू. तोवर मुलांकडून त्या पट्ट्या कापून ठेवा, आणि १०५ सेंटिमीटरचा तुकडा सगळ्यांत आधी कापा. दोन-तीन मुलं चुकून तो ८९ चा कापतातच.